न दुखणाऱ्याचं दुखणं

दाढ दुखायला रात्रच लागते. दिवसभर तिचं कसं छान चाललेलं असतं. ऑफिसात, बाजारात, लग्नाच्या पंगतीत ती चारचौघांत आपली अब्रू राखते. पण रात्री दिवे मालवून पाठ टेकली की पाच मिनिटांत ठणका सुरू. उठून बसावं तर जरा उतरतो, आडवं व्हावं तर पुन्हा चढतो. यात दाढेचा खोडसाळपणा काही नाही. दाताच्या पोटात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा एक मऊ गर असतो, त्याला आपण सगळे सरसकट ‘नस’ म्हणतो. शरीराचा दुसरा कुठलाही भाग सुजला तर त्याला फुगायला जागा असते; ठेचकाळलेलं बोट टम्म होतं आणि मोकळं होतं. नसेला ती सोय नाही. चारी बाजूंनी कठीण भिंती, त्यावर एनॅमल, म्हणजे शरीरातला सर्वांत टणक पदार्थ. सुजायचं तर कुठे? मग आतल्या आत दाब वाढत जातो आणि आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्त जरा जास्त गेलं की तो असह्य होतो.

असह्य झालेली नस ही मग एकट्याची गोष्ट राहत नाही. घरातले सगळे दिवे लागतात. एक जण लवंग शोधतो, दुसरा मिठाचं पाणी कोमट करतो, तिसरा मोबाइलवर घरगुती उपाय वाचत बसतो आणि वाचलेलं मधूनमधून मोठ्यानं सांगतो. लवंगेचं म्हणाल तर ती अगदीच भाबडी समजूत नव्हे. तिच्यातलं युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दंतवैद्यही वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. दवाखान्यात शिरल्याशिरल्या जो वास येतो तो बराचसा तिचाच. कशीबशी सकाळ होते. दवाखाना दहाला उघडतो असं पाटीवर लिहिलेलं असतं, तरी माणूस पावणेनऊलाच शटरपाशी जाऊन उभा. नसेनं एकदा हाक मारली की भलेभले ओ देतात.

याच दाढेच्या मानेभोवती दुसरा एक आजार मात्र वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतो आणि कोणाचीही झोप मोडत नाही. तो हिरडीचा. दातावर साचणारा पांढुरका, चिकट थर वेळच्या वेळी निघाला नाही, तर लाळेतले क्षार त्याला कडक करतात. दवाखान्यात त्याला टार्टर म्हणतात, घरी कीटण. हे कीटण हिरडीच्या कडेखाली सरकतं. हिरडी सुजते, दातापासून सुटते, मध्ये फट पडते, फटीत आणखी जंतू जमतात आणि त्यांच्याशी लढण्याच्या नादात शरीर दाताभोवतीचं स्वतःचंच हाड मागे मागे घेत जातं. हे सगळं बिनबोभाट. डच कापडव्यापारी लेव्हेनहूक यानं १६८३ मध्ये आपल्या दातांवरचा असाच थर खरवडून भिंगाखाली धरला. त्यात त्याला वळवळणारे इवले जीव दिसले, आणि आपल्या देशात जेवढी माणसं नाहीत तेवढे प्राणी आपल्या एकट्याच्या तोंडात राहतात, असं त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवूनही टाकलं. एवढी वस्ती असून गडबड, गोंगाट काही नाही, ही त्या वस्तीची खासियत.

हिरडीची तक्रार म्हणावी तर एवढीच, की सकाळी दात घासल्यावर बेसिनमध्ये थुंकीला लालसर झाक येते. त्याची उत्तरं घरोघरी तयार असतात. ‘ब्रश नवा आहे ना, म्हणून,’ आणि ‘ब्रश जुना झालाय, म्हणून.’ ही दोन्ही कारणं एकाच घरात, एकाच आठवड्यात खपून जातात.

ही एवढीशी झाकसुद्धा ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी तंबाखू आहे. कोकणात, देशावर, मुंबईच्या वस्त्यांमध्ये कितीतरी बायका आजही सकाळी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावतात. विचारलं तर म्हणतात, “अवो, हिरड्या कशा घट्ट ऱ्हातात. रगत न्हाई का काय न्हाई.” रक्त नाही हे खरंच असतं. निकोटिन हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं. आजार आत चालूच राहतो, बंद होते ती फक्त त्याची खूण. मुळातच मितभाषी असलेल्या हिरडीचं तोंड आपण बांधून टाकतो आणि वर तिच्या शांत स्वभावाचं कौतुक करतो.

आपल्या पूर्वजांना हे गप्प बसणारं दुखणं ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत तोंडाचे रोग ६५ सांगितले आहेत. त्यांत खुद्द दातांचे ८ आणि दातांच्या मुळांशी, म्हणजे हिरडीच्या परिसरात, होणारे १५. पू आणि रक्त येऊन दात हलू लागतात त्या रोगाला तिथे दंतवेष्ट म्हटलं आहे. ओरडणाऱ्यापेक्षा न ओरडणाऱ्याची यादी जवळजवळ दुप्पट केली, यावरून सुश्रुताच्या नजरेची कल्पना येते. आपण मात्र ‘दाताचा डॉक्टर’ म्हणतो. ‘हिरडीचा डॉक्टर’ म्हटलं की समोरचा विचारतो, “असा वेगळा असतो?”

असतो. आणि तो खरा गाठ पडतो ते ही दोन्ही दुखणी एकाच दाढेत येतात तेव्हा.

नस आणि हिरडी यांच्यामध्ये मूळ असलं तरी ते काही बंद दार नव्हे. मुळाच्या टोकाला भोक असतं, तिथूनच तर रक्तवाहिन्या आत शिरतात. शिवाय मुळाच्या अंगाला बारीक बारीक आडवाटा असतात. खालच्या दाढेची दोन मुळं जिथे फुटतात त्या फाट्यातही अशा वाटा सापडतात. त्यामुळे नस सडली तर तिचा पू टोकातून बाहेर पडून मुळाच्या कडेकडेनं चढत हिरडीपाशी येऊन उगवतो. उलट हिरडीचा आजार मुळावरून उतरत उतरत टोकापर्यंत किंवा एखाद्या आडवाटेपर्यंत पोचला, तर तो आत शिरून नसेला गाठतो. क्ष-किरणाच्या चित्रात दोन्ही वेळा दिसतं ते एकच: मुळाभोवती काळी सावली.

सोसायटीच्या सभेला ज्यांनी इमानेइतबारे हजेरी लावली आहे त्यांना हा प्रकार लगेच कळेल. तिसऱ्या मजल्यावरच्या भिंतीला ओल आलेली असते. ती वरच्यांच्या बाथरूममधल्या पाइपाची, की बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून मुरलेल्या पावसाची? पाइपाची असेल तर खर्च वरच्यांचा, तड्याची असेल तर सोसायटीचा. प्लंबर येतो, टाइल वाजवून बघतो आणि सांगतो, “हे वॉटरप्रूफिंगवाल्याचं काम.” वॉटरप्रूफिंगवाला गच्चीवरून डोकावतो आणि सांगतो, “प्लंबरला बोलवा.” ओल तोवर पसरत असते आणि भिंत ज्याची आहे तो सेक्रेटरीला फोन करत असतो.

माझ्या खालच्या उजव्या दाढेची भिंत अशीच ओली झाली. हिरडीवर एक पुटकुळी आली, फुटली, पुन्हा आली. घास जरा जोरात चावला की दाढ उंच झाल्यासारखी वाटायची. आमच्या डॉक्टर वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांच्या तोंडी या दाढेला ‘फोर सिक्स’ म्हणतात. तोंडाचे चार भाग करायचे, पहिला आकडा भागाचा आणि दुसरा मधल्या रेषेपासून मोजत आलेल्या दाताचा. ही सहा नंबरची दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येते, तीही एकही दुधाचा दात न पाडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप. त्यामुळे आईवडिलांना वाटतं हीसुद्धा दुधाचीच, पडेलच कधीतरी. तोंडातली सर्वांत जुनी पक्की नोकरदार, पण जन्मापासून हंगामी समजली गेलेली.

“काका, गार लागलं की हात वर करा.” डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारला आणि आधी शेजारच्या निरोगी दाढेला टेकवला. हात विचारायला थांबला नाही, आपणहून वर गेला. मग तोच बोळा फोर सिक्सवर. काही नाही. पुन्हा फवारा, पुन्हा बोळा, पुन्हा काही नाही. खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला याचा आनंदच होतो, पण डॉक्टरांची भुवई वर गेली. थंडी न कळणारी नस बहुधा मेलेली असते. खूप ओरडणारी नस शेवटी अशी गप्प होते, आणि घरचे म्हणतात, “बघ, लवंगेनं राहिलं.” राहिलेलं काही नसतं. आत मढं असतं, आणि त्याचा पू वाट शोधत असतो.

मग आली टोकाशी काळे पट्टे असलेली, बोथट, बारीक सळई. हे पट्टे मिलिमीटरचे. सळई दात आणि हिरडीच्या फटीत अलगद सोडायची, कितीपर्यंत जाते ते बघायचं, असं दाताभोवती सहा ठिकाणी. डॉक्टर आकडे सांगतात, सिस्टर कागदावर लिहून घेतात. शेजारच्या दाढेला, “तीन, दोन, तीन.” हे चांगलं. तीनपर्यंत निभावतं. फोर सिक्सला, “पाच, सहा, पाच.” डॉक्टरांचा आवाज जरा सावध झाला. “सहा, पाच...” आणि एका जागी सळई सरकतच गेली. “नऊ.” सिस्टरनी मान वर करून विचारलं, “नऊ?” “हो, नऊ.” तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसाला बोलता येत नाही. त्यामुळे तो छतावरच्या दिव्याकडे बघत आपल्याच दाढेचा लिलाव ऐकत राहतो.

या आकड्यांत निदान असतं. पाच-सहा, पाच-सहा असं सगळीकडून खोल झालेलं असेल तर ते हिरडीच्या जुन्या आजाराचं. एकाच अरुंद जागी सळई एकदम तळ गाठत असेल तर ती बहुधा नसेच्या पुवानं काढलेली वाट, नाहीतर मुळाला गेलेला तडा. खात्रीसाठी डॉक्टरांनी पुटकुळीच्या तोंडातून एक लवचीक गुलाबी काडी आत सारली आणि फोटो काढला. स्क्रीनवर ती काडी वळणं घेत थेट मुळाच्या टोकाशी पोचलेली दिसली. पू कुठून येतो ते काडीनंच सांगितलं. तडा नव्हता.

“काका, दोन्हीकडून आहे.”

“म्हणजे सुरुवात कोणी केली?” मी विचारलं. माणूस कितीही वेदनेत असला तरी हा प्रश्न त्याला सुटत नाही.

डॉक्टर हसल्या. हा प्रश्न त्यांच्या शास्त्रालाही फार वर्षं सुटला नव्हता. १९७२ मध्ये सायमन, ग्लिक आणि फ्रँक या तिघांनी अशा दुखण्यांची पाच खणांत मांडणी केली: फक्त नसेचं, आधी नसेचं आणि मागाहून हिरडीचं, फक्त हिरडीचं, आधी हिरडीचं आणि मागाहून नसेचं, आणि दोन्ही वेगवेगळी सुरू होऊन मध्यावर भेटलेली. आधी कोण, मागाहून कोण, याचा इतका चोख हिशोब सोसायटीच्या इतिवृत्तातही सापडायचा नाही. दंतविद्येच्या मुलांनी हे पाच खण पुढे कित्येक वर्षं पाठ केले. मग अमेरिका आणि युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संस्था २०१७ मध्ये शिकागोला एकत्र बसल्या, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या वर्गीकरणातून ‘सुरुवात कोणी केली’ हा प्रश्नच वगळला गेला. त्याऐवजी विचारायचं ते एवढंच: मूळ तडकलंय का, भोक पडलंय का? या माणसाला मुळात हिरडीचा आजार आहे का? फट किती खोल आणि किती रुंद? थोडक्यात, पाणी कोणाचं हे सोडा, भिंत उभी राहील का ते बघा. सभासदांनी हा ठराव एकमतानं मंजूर करावा अशी माझी सूचना आहे. पण अनुमोदक मिळणार नाही, हेही मला माहीत आहे.

सुरुवात कोणी केली हे महत्त्वाचं नसलं तरी काम कोणाचं आधी, हे मात्र ठरलेलं असतं. आधी नस. ओरडणाऱ्याचं आधी. रूट कॅनलबद्दल आपल्याकडे इतकं बोललं जातं, की नवं काय सांगावं? रबराचा पडदा लावून दाढ बाकीच्या तोंडापासून वेगळी केली जाते. मग केसासारख्या बारीक, रंगीत मुठींच्या फाइली एकामागून एक आत जातात: पांढरी, पिवळी, लाल, निळी. मुळाचं टोक आलं की एक यंत्र टिकटिकतं. अधूनमधून आत सोडियम हायपोक्लोराइटची धार, म्हणजे लादी पांढरी करायच्या ब्लीचचंच घराणं. दोन भेटींच्या मधल्या काळात आत भरून ठेवतात ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हा पानाला लावायचा चुना, आणि तळहातावर तंबाखूत मळायचाही. ज्या चुन्याच्या संगतीनं तंबाखू तोंडाची वाट लावते, तोच चुना दाढेच्या पोटात जंतू मारायला बसतो. डॉक्टरांनी मला चुना लावला, हे मी तेव्हापासून कौतुकानं सांगत असतो.

शेवटी पोकळी भरतात ती गुलाबी काड्यांनी. त्यांच्यातला गटापर्चा हा मलायाकडच्या जंगलातल्या झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या केबल टाकल्या गेल्या, तेव्हा तांब्याच्या तारेवर याच चिकाचं वेष्टन असे, कारण खाऱ्या पाण्यात तो कुजत नाही. मुंबई १८७० मध्ये एडन आणि सुएझमार्गे समुद्राखालच्या तारेनं विलायतेशी जोडली गेली ती त्याच्याच भरवशावर. मुळाच्या पोकळीत तो १८६७ पासून भरला जातोय. तेव्हा ज्याला ज्याला रूट कॅनल झालं आहे, त्याच्या तोंडात जुन्या तारखात्याचा थोडासा माल आहे. मला त्यामुळे दाढेबद्दल उगीचच आदर वाटू लागला.

हे झालं आणि डॉक्टर म्हणाल्या, “आता वाट बघायची.”

“कशाची?”

“नसेचं जेवढं होतं ते आपोआप भरून येतं का, त्याची. दोन-तीन महिने. मग आमचे पेरिओचे, म्हणजे हिरडीचे, सर बघतील. ते गुरुवारी येतात.”

ही वाट बघणं म्हणजे उपचाराचाच भाग, हे कट्ट्यावर कोणाला पटवता येत नाही. “काही न करण्याचे पैसे घेतात की नाही?” एकानं विचारलं. दुसऱ्यानं पेरूच्या पानांचा काढा सुचवला, तिसऱ्यानं तुरटी. कारण मात्र मोठं समंजस आहे. नसेच्या पुवानं जी वाट काढलेली असते, तिच्या कडेला मुळाला चिकटलेले जिवंत धागे आणि पेशी अजून तग धरून असतात. आतली घाण थांबली की ते पुन्हा हाडाला धरू शकतात. घाईनं तिथे हत्यार घालून मूळ खरवडलं, तर जे परत जुळणार होतं तेच खरवडून निघतं. म्हणून या काळात फक्त वरवरची सफाई आणि ब्रश कसा धरायचा याचा धडा. पन्नास-साठ वर्षं दात घासत आलेल्या माणसाला हा धडा देताना सिस्टरच्या चेहऱ्यावर जो संयम असतो, तो बघण्यासारखा.

ठरल्या वेळी सर आले. बोलणं कमी, सळई तीच. पुन्हा आकडे. नऊ जिथे होते तिथे पाच आले होते. पुटकुळी बसली होती. नसेनं आपल्या वाटचं आवरून घेतलं होतं. बाकीचे पाच-सहा मात्र होते तिथेच, तसूभर हलले नव्हते. भिंतीचा पाइप दुरुस्त झाल्यावरच तडा किती होता ते कळतं, तसं झालं.

“दाढ वाचेल ना, सर?”

“नसेचं काम छान झालंय. आता हिरडी म्हणेल तसं.”

मला हे वाक्य ऐकून जरा धक्काच बसला. रात्र जागवली ती नसेनं. सगळे दिवे लावले ते तिनं. खर्चाचा मोठा आकडा तिचा. आणि शेवटचा निकाल कोणाच्या हाती, तर जिनं या सगळ्यात एक शब्द काढला नाही तिच्या! पण वैद्यकाचा हिशोब असाच आहे. या जोडदुखण्यात नसेची बाजू नीट उपचारानं बहुधा भरून येते. दाढ राहते की जाते हे ठरतं हिरडी आणि हाड किती उरलंय त्यावर.

याचं कारणही सरांनी हातातलं हत्यार पुसता पुसता सांगितलं. दात हाडात रोवलेला असतो असं आपण समजतो, पण तो हाडाला टेकतसुद्धा नाही. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा धाग्यांचा एक थर असतो आणि दात त्यावर झुलता टांगलेला असतो. त्या धाग्यांत स्पर्श ओळखणारे तंतू असतात. भातात खडा लागला की जबडा जागच्या जागी थांबतो तो त्यांच्यामुळे. केसाहून बारीक कणही त्यांना कळतो. नस काढून टाकलेली दाढसुद्धा खडा ओळखते. रूट कॅनलनंतर लोक म्हणतात, आता हा दात मेला. मेलेला असतो तो आतला गर. दाढ जिवंत असते ती या बाहेरच्या धाग्यांच्या, हाडाच्या आणि हिरडीच्या जिवावर. सगळं गमावून बसवलेल्या इम्प्लांटला हे धागे नसतात, त्यामुळे खडा ओळखण्यात तो जरा ठोंब्याच. आणि हिरडीचा आजार इम्प्लांटभोवतीही होतो. दात गेला म्हणून ती आपला स्वभाव सोडत नाही.

मग सरांनी इंजेक्शन देऊन मुळं खोलवर साफ केली. याविषयी आपल्याकडे एक ठाम मत आहे: दात साफ करून घेतले की हलायला लागतात. कीटणाचा थर निघाला की दातांमधल्या फटी उघड्या पडतात, सुजलेली हिरडी बसते, दात उघडे वाटतात. हलत ते आधीपासूनच असतात. कीटणानं सगळे एकत्र लिंपून ठेवलेले, म्हणून जाणवत नाही एवढंच. यानंतरही फट उरली तर हिरडी बाजूला करून आतलं हाड बघतात, खड्ड्यात हाडाची भुकटी भरतात, वर पडदा घालतात. या पडद्यामागची युक्ती मला फार आवडली. हिरडीची वरची त्वचा भराभर वाढते. मोकळं सोडलं तर तीच आधी जाऊन सगळी जागा अडवते आणि सावकाश वाढणाऱ्या हाडाला व धाग्यांना आत यायला जागाच उरत नाही. पडदा तिला बाहेर थोपवून धरतो. सावकाश वाढणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून भराभर वाढणाऱ्याला दाराशी उभं करायचं! हे तोंडात जमतं, बाहेर जमत नाही. अगदीच एका मुळाचं हाड गेलेलं असेल, तर खालच्या दाढेची वाटणी करून खराब अर्धी काढतात आणि चांगली अर्धी ठेवतात. माझ्यावर ती वेळ आली नाही.

मुळं खरवडून हिरडी वाचवायची ही विद्या नावारूपाला आणणाऱ्यांत अमेरिकेतल्या हार्टफर्डचे जॉन रिग्ज हे एक. यांचं नाव इतिहासात वेगळ्याच कारणानं येतं. ११ डिसेंबर १८४४ ला होरेस वेल्स या दंतवैद्यानं नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. वेदनेशिवाय दाढ निघाली आणि बधिरीकरणाच्या कथेतलं एक पान लिहिलं गेलं. ती दाढ ओढणारे हात रिग्जचे. पुढे या गृहस्थांनी दात काढण्यापेक्षा ते राखण्याचा ध्यास घेतला आणि हिरडीखालचं कीटण काढण्याचा आग्रह धरला, इतका की आपण ज्याला पायरिया म्हणतो त्याला तिकडे लोक काही काळ ‘रिग्जचा रोग’ म्हणत. पण चार पुस्तकं चाळून बघा. रिग्ज भेटतात ते त्या एका दिवसाच्या एका दाढेपाशी. हिरडीसाठी घालवलेल्या वर्षांना एखादी ओळ मिळाली तर मिळाली. इतिहाससुद्धा कळ आली की जागा होतो.

नसेचं आणि हिरडीचं वागणं कळल्यावर घरात, शेजारात, कचेरीत बघण्याची नजर जरा बदलते. आदळआपट करणाऱ्याची कामं लगेच होतात. त्याच्या अर्जावर शेरा पडतो, त्याच्यासाठी चहा येतो. ज्याची तक्रार नाही त्याचं सगळं छान आहे असं आपण धरून चालतो. सगळा डोलारा उभा असतो तो बहुतेक वेळा त्याच्यावर, आणि तो हलू लागला की मगच आपल्याला त्याचं नाव आठवतं. यावर उपाय गप्प बसणाऱ्याला ओरडायला शिकवणं हा नव्हे. हिरडीला ते या जन्मात जमणार नाही. आपणच उठून जाऊन विचारायचं, एवढाच मार्ग उरतो.

दवाखान्यात या विचारण्याला वेळापत्रक आहे. नसेचं काम एकदा झालं की बहुधा झालं, वर कॅप बसते आणि लोक विचारतात, “कितीला पडली?” हिरडीला कॅप नाही आणि तिला कोणी किंमतही विचारत नाही. तिच्याकडे दर तीन-चार महिन्यांनी जायचं, सळई घालायची, आकडे लिहायचे, साचलेलं काढायचं. आणि हे कायमचं. त्यातून शुगर असेल तर जास्तच, कारण साखर वाढली की हिरडी बिघडते आणि हिरडी बिघडली की साखर आवरत नाही.

म्हणून मी वेळ घ्यायला फोन करतो. रिसेप्शनवरची मुलगी विचारते, “काका, दुखतंय का?”

“नाही.”

“सूज?”

“नाही.”

“मग काय होतंय?”

“काहीच होत नाहीये, म्हणूनच यायचंय.”

ती थोडा वेळ घुटमळते आणि गुरुवारची वेळ देते. गुरुवारी सकाळी तिचाच फोन येतो: काका, रागावू नका, एक पेशंट रात्रभर ठणक्यानं तळमळत होते, पहाटेपासून दाराशी बसलेत; तुम्हाला पुढच्या गुरुवारी चालेल का? मी म्हणतो, चालेल. आधी ओरडणाऱ्याचंच घ्यायला हवं, शास्त्रही तेच सांगतं. फक्त त्यांची नस गप्प झाली की त्यांना माझ्या शेजारचा गुरुवार द्या, म्हणजे झालं.